टेबलावरचं टेबलावर

निग्रोनी कॉकटेलमध्ये बर्फ जरा जास्त पडला म्हणून तो कुरकुरत होता, आणि त्याच कुरकुरीच्या सुरात, संत्र्याची साल ग्लासाच्या काठावरून फिरवता फिरवता तो म्हणाला, "तुझ्या आईच्या हॉस्पिटलमधून फोन दोनला आला होता. पाचला नव्हे. मी प्यायलेलो होतो. तुला उठवलं नाही." एवढं बोलून त्यानं साल ग्लासात टाकली, एक घोट घेतला आणि बर्फ खरंच जास्त झालाय असा चेहरा केला. शनिवार होता, संध्याकाळचे साडेपाच. खिडकीतलं ऊन टेबलावरच्या बाटल्यांतून आरपार जाऊन भिंतीवर तांबडे-पिवळे डाग पाडत होतं. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली. माझ्या नवऱ्यानं हे वाक्य नऊ वर्षं कुठं दडवून ठेवलं होतं कोण जाणे. पण त्या क्षणी मला आई आठवली नाही, हे मी आधीच सांगून टाकते. मी त्याच्या ग्लासाकडे बघत होते. त्या ग्लासात दारूचा एक थेंबही नव्हता, आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

आमच्या घरात एक कायदा आहे. शनिवारी ग्लास हातात असताना जे बोललं जाईल, ते रविवारी उकरून काढायचं नाही. टेबलावरचं टेबलावर. लग्नानंतर पहिल्याच वर्षी हा कायदा झाला, कारण त्याच वर्षी त्यानं दुसऱ्या ग्लासावर मला सांगितलं होतं की माझ्या वडलांचं हसणं त्याला खोटं वाटतं, आणि मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. मग दोघांनी मिळून ठरवलं. माझा नवरा मोटार चालवायला शिकवतो. आठवडाभर त्याच्या तोंडून क्लच, आरसा, हळू, हळू, आता सोडा, याखेरीज काही निघत नाही. घरी आला की तोंडाला कुलूप. पुढच्या सीटवरच्या नवशिक्यांना सांभाळून सांभाळून त्याच्या उजव्या पायाला अशी खोड लागली आहे की समोर काही अवघड आलं, की तो पाय जमिनीवर दाबला जातो, जणू तिथं त्याचा स्वतःचा ब्रेक आहे. टीव्हीवर कुणी रडायला लागलं तरी दाबला जातो. अशा माणसाला बोलतं करायला आठवड्यातून एक संध्याकाळ हवीच होती. पूर्वी ती बिअरची असायची, कडक, आठ टक्क्यांची, बाटलीला घाम फुटलेली. पुढं कॉकटेलांची झाली. जुनी, नावाजलेली कॉकटेलं तेवढी. छत्र्या खोचलेलं रंगीत पाणी त्याला चालत नाही. त्याच्याजवळ मापाचं छोटं भांडं आहे, लांब दांड्याचा चमचा आहे, आणि ढवळायचं की हलवायचं यावर ठाम मतं आहेत. मार्टिनी हलवणाऱ्या माणसाला तो आपल्या गाडीत बसवणार नाही.

आता ग्लासात दारू का नव्हती ते. चार महिन्यांपूर्वी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "यकृतावर सूज आहे. पूर्ण बंद." तो म्हणाला, "शनिवारचं सोडून." त्या म्हणाल्या, "शनिवार धरून." तो हसला. घरी येताना गाडीत म्हणाला, बाईंना स्वतःला कधी काही प्यायला मिळालं नाही म्हणून अशा बोलतात. मी वाद घातला नाही. वाद घालून माझा नवरा बदलत नाही, त्याचा फक्त पाय दाबला जातो. मी चवी बसवते. म्हणजे इसेन्सच्या कारखान्यात माझी अठ्ठावीस वर्षांची नोकरी तीच: जिथं रासबेरी नाही तिथं रासबेरी आहे असं जिभेला वाटायला लावायचं. प्रयोगशाळेत मला जीभ म्हणतात. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या थोराड माणसाला नाक म्हणतात. तेव्हा मी माझं काम घरी आणलं. तीन आठवडे लागले. जिनसाठी जुनिपरचा दारू नसलेला अर्क, धण्याचं तेल, लिंबाच्या सालीचा फोडणीइतका वास. अंगाला जाडी यावी म्हणून ग्लिसरीन. आणि घशात उतरताना जी झळ लागते तिच्यासाठी मिरीचा अर्क, इतका थोडा की तिखट कळू नये पण ऊब कळावी. ती झळ जमेना. चौदा वेळा फसली. पंधराव्या वेळी मी स्वतःच खोकले आणि मला इतका आनंद झाला की एकटीच टाळी वाजवली. निग्रोनीत पडणारी लाल कडू दारू आणि व्हर्मुथ ही मसाल्याची वाइन त्यामानानं सोपी. व्हिस्की काही केल्या बसली नाही, म्हणून व्हिस्कीनं तुला पित्त होतं असं त्याला पटवून दिलं. तो नवी बाटली आणायचा, उघडून नुसता वास घेऊन कपाटात ठेवायचा, आणि शनिवारच्या आत, तो पहिल्या विद्यार्थ्याला घेऊन गेला की मी ती मोरीत ओतायचे. मोरीला दिवसभर गुत्त्याचा वास यायचा. मग माझं पाणी बाटलीत.

आणि त्याला कळलं नाही. मला वाटलं होतं तसंच झालं, कारण रंगीत पेअरचं पाणी रासबेरी म्हणून पिऊन मान डोलावणारे शहाणेसुरते लोक मी आयुष्यभर बघत आले आहे. पण त्याहून पुढचं मला अपेक्षित नव्हतं. त्याला चढायची. पहिला ग्लास संपत आला की डोळे मऊ व्हायचे, आवाज सैल पडायचा, दुसऱ्यावर तो हात फार हलवून बोलायला लागायचा, आणि एकदा तर पायपुसण्याला अडखळून "आज स्ट्राँग झालीय" म्हणाला. मी तोंड फिरवून हसले. मला अभिमान वाटला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर सूज उतरलेली. "बघ," तो म्हणाला, "शनिवारी पिऊनसुद्धा उतरली. बाईंना सांग." मी बाईंना सांगितलं नाही आणि त्यालाही ताकास तूर लागू दिली नाही. नोकरीत आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम घरात झालं आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं, एवढीच काय ती रुखरुख होती.

म्हणून मी ग्लासाकडे बघत होते. दारूच्या भरात माणूस वाटेल ते बोलतो, तारखा चुकवतो, न घडलेलं घडलं म्हणतो. पण हा भर पाण्याचा होता. तो पूर्ण शुद्धीत होता. फक्त त्याला ते माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबी तो टेबलावर बोलला होता, आणि टेबलावरचं टेबलावर राहणार होतं. मी विचारलं असतं की हे काय बोललास, तर कायदा मोडला असता. आणि तू तर प्यायलेलाच नाहीस असं म्हटलं असतं, तर चार महिन्यांची माझी लबाडी उघडी पडली असती. मी म्हटलं, "बर्फ काढून टाक थोडा." त्यानं चमच्यानं दोन खडे काढले आणि रिकाम्या ताटलीत ठेवले. ते वितळेपर्यंत आम्ही गाडीच्या टायरांबद्दल बोललो.

रविवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "काल काय फार बडबडलो का?" हे वाक्य दर रविवारचं, त्याचं उत्तरही दर रविवारचं. "नेहमीचंच," मी म्हटलं. तो दाढी करत होता. आरशात त्यानं माझ्याकडे बघितलं का, ते मला नक्की सांगता येणार नाही. आरशांचं त्याला फार. तिन्ही आरशांत बघितल्याशिवाय तो गाडी हलवू देत नाही.

सोमवारी माझी जीभ गेली. लिंबाच्या सरबताचे पाच नमुने होते, पाच पांढरे पेले, नेहमीचंच काम. मी तिसरा चाखला आणि गोड जास्त म्हणून लिहिलं. चौथा चाखला, तोही गोड. पाचवाही गोडच. नाकानं माझा कागद वाचला आणि म्हणाला, "बाई, जीभ घरी विसरलात का? तिसऱ्यात साखरच नाहीये." मी हसले, पाण्यानं चूळ भरली, पुन्हा चाखलं. तोंडात काहीच नव्हतं. नुसतं ओलं. मला एकदम आईचं तोंड आठवलं, शेवटच्या दिवसांतलं, कोरडं, कायम उघडं. नर्स ओला कापूस तिच्या ओठांवर फिरवायची आणि आई तो कापूस चोखायची. तान्हं मूल चोखतं तसं. पाच आठवडे ती हॉस्पिटलात होती. नोकरीच्या दिवशी मी संध्याकाळी सातला पोचायचे, रविवारी जेवणाच्या वेळेलाच जायचे आणि दिवसभर तिच्याजवळ बसायचे. तिला रविवारचं फार. सकाळपासून नर्सला वार विचारत राहायची. घर ते हॉस्पिटल अर्ध्या तासाचा रस्ता. मला गाडी चालवता येत नाही, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याची बायको असून, यावर आमच्याकडे पुष्कळ विनोद झालेले आहेत. तोच सोडायचा, तोच आणायचा. आणि त्यानं मला शब्द दिला होता की आई घरी येईपर्यंत बिअरला हात लावणार नाही. मी मागितला नव्हता. त्यानं आपण होऊन दिला होता.

तो दिवस मी असा सांगते, म्हणजे बहिणीला, नाकाला, जो कुणी विचारील त्याला: शनिवारची रात्र मी आईजवळ काढली, रविवारी दहाला घरी आले, आंघोळ केली, त्याला म्हटलं दीडला उठव, आणि पडले. इतकी दमले होते की मेल्यासारखी झोपले. पाचला त्यानं मला हलवलं आणि म्हणाला, आत्ता फोन आला, सगळं एकदम झालं, गेल्या. सव्वाचारला गेली होती. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की त्यात कुठं श्वास घ्यायचा तेही ठरलेलं आहे. लोक म्हणतात, अगं, तू काय करणार, माणूस झोपणार नाही तर काय. मी मान हलवते. बिअरचंही मी असंच सांगते. आई गेल्यापासून त्यानं बिअर सोडली. कडक काय, साधीसुद्धा घरात आली नाही. आणि तीन-चार महिन्यांनी एके दिवशी तो मापाचं भांडं आणि लांब चमचा घेऊन आला. वय झालं, जिभेला शहाणपण आलं, असं मी लोकांना सांगत असे. मीच, जिचा धंदा असल्या गोष्टींतली खोट ओळखण्याचा आहे. त्या सोमवारी पाच पेल्यांसमोर बसून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस नऊ वर्षं स्वतःला शिक्षा करतोय, आणि मी तिला आवडनिवड म्हणत आलेय.

मंगळवारी, बुधवारी मी त्याच्यावर चिडून होते. खरंच चिडून. ताट आपटून ठेवलं, दार जोरात लावलं. त्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ऑफिसात डोकं उठलंय." तो गाडीच्या किल्ल्या खिशात घालून उभा राहिला, पाय जमिनीवर दाबत, मग निघून गेला. मी मनात त्याच्याशी भांडत होते. टॅक्सी होती ना, टॅक्सी! प्यायला होतास तर टॅक्सी बोलवायचीस. पण टॅक्सी बोलवायची म्हणजे मला उठवायचं, मला उठवायचं म्हणजे माझ्या तोंडाजवळ तोंड आणायचं, आणि माझ्या नाकाला वास आला असता. शब्द मोडलेला कळू नये म्हणून यानं माझ्या आईला एकटीला जाऊ दिलं. बुधवारी दुपारी कारखान्याच्या पायऱ्या उतरताना हे वाक्य मी मनात इतक्या मोठ्यानं म्हटलं की कठडा धरावा लागला. आणि कठडा धरून उभी असताना, काही कारण नसताना, मला एक आवाज ऐकू आला. बिअरच्या झाकणाचा. फट्, आणि मग झाकण स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून गोल गोल फिरतं, फिरतं आणि आडवं होतं.

तो आवाज मी कुठून ऐकला होता? मी तर झोपले होते.

मी जिन्यावरच बसले. वरून एक शिपाई खोकी घेऊन उतरत होता, त्याला म्हटलं, चप्पल तुटली. त्या रविवारी दुपारी खोलीचे पडदे ओढलेले होते. उशीला ओल्या केसांचा वास होता. दीड वाजला तेव्हा मला कळलं होतं दीड वाजलाय, कारण खालच्या मजल्यावरच्या रेडिओवर दीडच्या बातम्या लागल्या. त्यानं उठवलं नाही. मीही उठले नाही. आणखी पाच मिनिटं, मी म्हटलं, तो येईल हाक मारायला. मग झाकण वाजलं. एक, आणि थोड्या वेळानं दुसरं. आणि मला राग आला नाही. शब्द मोडला म्हणून यायला हवा होता. मला काय वाटलं ते नऊ वर्षांत मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते त्या जिन्यावर मला चक्क आठवलं: मला बरं वाटलं. आता हा गाडी चालवणार नाही, असं वाटलं. प्यायल्यावर तो चाकाला हात लावत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे आता लगेच जायला नको. तो कापूस बघायला नको. तो आवाज ऐकायला नको, नळात हवा अडकल्यावर येतो तसला, जो रात्रभर माझ्या कानाशी होता. आई माझा हात धरायची आणि तिचा हात इतका हलका झाला होता की सोडवून घ्यायचं भानही राहायचं नाही. मग फोन वाजला. सहा वेळा वाजला. मी मोजले. त्यानं उचलला. हो, हो, असं दोनदा म्हणाला, मग काहीतरी बोलला, मग पुन्हा हो. मग पावलं दारापर्यंत आली. दार अर्धवट उघडं होतं. मी डोळे मिटले, मिटलेलेच होते ते आणखी मिटले, आणि श्वास लांब केला. त्यानं एकदा जरी हाक मारली असती तर मी उठले असते. यावर माझा अजून विश्वास आहे. पण त्यानं हाक मारली नाही, पावलं परत गेली, आणि मी म्हटलं, मग विशेष काही नसेल. आणि मग मी खरोखरच झोपले. ती झोप फार गोड होती. ते मात्र मी कधी विसरले नव्हते.

गुरुवारपासून माझा राग गेला आणि त्याजागी भीती आली. तो टेबलावर बोलला होता आणि त्याचं काम झालं होतं; एवढी वर्षं अडकलेलं बाहेर पडलं, पाठ मोकळी झाली. सकाळी तो आंघोळ करताना गुणगुणत होता. किंवा मला तसं वाटलं. नऊ वर्षं त्यानं एकट्यानं माझ्या आईचं मरण वाहिलं, कारण त्याला वाटत होतं की ते फक्त त्याचं आहे. निम्मं माझं होतं. निम्म्याहून जास्त. हे त्याला सांगितलं पाहिजे, हे मला कळत होतं, जसं दीड वाजलाय हे कळत होतं; आणि मी पुन्हा तशीच पडून होते. शुद्धीत बोलणं मला जमणार नव्हतं. त्यानं निदान आपण प्यालोय असं समजून सांगितलं. मला तर बाटलीत काय आहे ते माहीत होतं. माझ्याच हातचं ग्लिसरीन पिऊन मला धीर कुठून येणार?

म्हणून शुक्रवारी कामावरून येताना मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि जिनची बाटली घेतली. खरी. दुकानदारानं विचारलं, "पाहुणे?" मी म्हटलं, "हो." बाटली पिशवीत होती आणि पिशवी मी पोटाशी धरली होती, पहिल्यांदा दारू विकत घेणाऱ्या कॉलेजातल्या मुलीसारखी. बेत साधा होता. त्याच्या ग्लासात माझी जिन, माझ्या ग्लासात दुकानाची. दोन ग्लास झाले की मी बोलेन. चढली होती म्हणून बोलले. रविवारी तो विचारणार नाही, आणि त्याला विचारावं असं वाटलं तरी कायदा आहेच. कायदा दोघांनी केला होता. आता तो मलाच हवा होता.

शनिवारी पाचला मी टेबल मांडलं. ग्लास, बर्फ, संत्र, चमचा. जुनी बाटली निम्मी होती, तिच्याशेजारी नवी ठेवली. "जुनी संपत आलीय म्हणून आणली," मी म्हटलं, "आणि आज माझा ग्लास मी करते." तो आला, खुर्चीत बसला, बाटल्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "आज नको."

"का? बरं नाही?"

"बरंय." तो संत्र हातात घेऊन फिरवत राहिला. "गेल्या शनिवारचं मला आठवतंय. सकाळी विचारलं ना मी, फार बडबडलो का, ते उगाच. सगळं आठवत होतं."

"टेबलावरचं टेबलावर," मी म्हटलं. 

"ते राहू दे. आठवडाभर वाट बघितली मी. म्हटलं, ही काहीतरी बोलेल. ओरडेल. तू नुसती ताटं आपटतेयस. मी प्यालेलो होतो म्हणून तू ते धरलं नाहीस, असं असेल तर ऐक. आत्ता मी प्यायलेलो नाही. फोन दोनला आला होता. मी दोन बाटल्या बिअर प्यायलो होतो. दारापर्यंत आलो आणि परत गेलो. वाटलं, चारपर्यंत उतरेल, मग नेईन. मला वाटलं वेळ आहे." त्याचा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता. "आता बोल काय बोलायचं ते."

नवी बाटली माझ्या हाताशी होती. तिचं सील अजून फोडलेलं नव्हतं. मला एवढंच कळलं की आता ती फोडायला वेळ नाही.

"मी जागी होते," मी म्हटलं.

"कधी?"

"फोन वाजला तेव्हा. सहा वेळा वाजला. तू दारात आलास तेव्हाही. त्याच्या आधी बाटलीची झाकणं वाजली तेव्हाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. रस्त्यात अचानक कुणी आडवं आल्यावर बघतात तसं. मला वाटलं होतं त्याला हलकं वाटेल. खरंच वाटलं होतं, इतकी मी मूर्ख. त्याचं तोंड लाल झालं. "नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी... दर रविवारी दोन वाजता मी कुठं असतो माहितीय तुला? गाडी बाजूला घेतो. विद्यार्थ्याला सांगतो, पाच मिनिटं आराम करा. आणि तू जागी होतीस." उठून त्यानं नवी बाटली उचलली, सील पिरगाळून फोडलं, माप नाही, बर्फ नाही, अर्धा ग्लास भरला आणि एका दमात घेतला.

मग तो खोकला. खोकत खोकत खुर्चीची पाठ धरली, डोळ्यांतून पाणी आलं. ग्लासाकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. मग सावकाश जुन्या बाटलीचं झाकण काढलं, ग्लासाच्या तळाशी बोटभर ओतलं, आणि प्रयोगशाळेत मी करते तसं ते जिभेवर फिरवलं. मी थांबवलं नाही. तो घोट गिळायला त्याला बराच वेळ लागला.

"ही कुठली?"

"माझी."

"कधीपासून?"

"रिपोर्ट आला तेव्हापासून. चार महिने."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

तो बसला. बसताना खुर्ची सरकली आणि कर्कश आवाज झाला. त्याच्या ओठांची हालचाल होत होती. तो एकेक शनिवार मागं मागं आठवत असणार, काय काय बोललो, कुठं कुठं अडखळलो. "म्हणजे गेल्या शनिवारी," तो म्हणाला आणि थांबला.

"पूर्ण शुद्धीत होतास," मी म्हटलं. "आणि मला ते माहीत होतं."

बर्फ वितळून भांड्यात पाणी झालं होतं. बाहेर कुणाची तरी गाडी चालू होऊन बंद पडली, पुन्हा चालू होऊन पुन्हा बंद पडली. एरवी तो म्हणाला असता, क्लच लवकर सोडतोय.  दोघंही अजून शुद्धीत, भर संध्याकाळी, टेबलावर दोन बाटल्या, आणि दडायला कुठलाही आडोसा नाही. मला वाटत होतं की आता तो उठून जाईल. तो गेला नाही. मग मी ते विचारलं, जे झोपलेल्या बाईला विचारताच आलं नसतं, म्हणून नऊ वर्षं विचारलं नव्हतं.

"फोनवर काय म्हणाले होते?"

त्यानं मान हलवली. नको, असं.

"सांग. तू दोनदा हो म्हणालास, मग काहीतरी बोललास, मग पुन्हा हो. मधलं काय?"

"नर्स होती," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत. "म्हणाली, श्वास बरोबर नाही, येऊन जा. मी हो म्हटलं. मग म्हणाली, एक मिनिट, त्या काहीतरी विचारतायत. त्या वार विचारत होत्या. मी सांगितलं, रविवार. तिनं तिकडे मोठ्यानं सांगितलं, आजी, रविवार आहे."

"मग?"

"मग हसल्या म्हणे." त्याचा पाय दाबलेलाच होता. "म्हणाल्या, रविवार ना, मग फोन कशाला करताय. निघालीच असेल ती."